ताळा

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला विषय दिला होता ‘बदलतं तंत्रज्ञान आणि आपण’. वीस-बावीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढलेल्या माणसाला असा विषय दिला की तो थांबायचं नाव घेत नाही. पण घाबरू नका, जेवणाच्या आत संपवते. मी आज एकाच यंत्राबद्दल बोलणार आहे : सिनेमाचा डिजिटल कॅमेरा. आपल्या वर्गातल्या एका मित्राने तो २०२२ मध्ये घेतला. त्या कॅमेऱ्याशी माझा एक हिशेब राहिला आहे, तो मला तुमच्यासमोर पुरा करायचा आहे.

तो मित्र आत्ता मागे, दाराजवळ उभा आहे. आजचं शूटिंगही तोच करतोय, म्हणून त्याला बसायला जागा नाही. त्याचं नाव घेत नाही, कारण मी काय बोलणार आहे हे मी त्याला सांगितलेलं नाही. सांगितलं असतं तर त्याने बोलू दिलं नसतं.

उल्हासनगरचं त्याच्या वडिलांचं दुकान तुम्हाला आठवत असेल. पुढे फोटो स्टुडिओ, मागे मिक्सिंगची खोली. नव्वदीच्या दशकात उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यातल्या कितीतरी लग्नांना काका खांद्यावर व्हीएचएसचा तो भला मोठा कॅमेरा घेऊन हजर असायचे. लाइटवाला पुढे, काका मागे. आपल्या शाळेचं स्नेहसंमेलनही त्यांनीच शूट केलं होतं. पुढे व्हीएचएस गेलं आणि मिनी-डीव्ही आलं, मग फोटोच्याच कॅमेऱ्यावर व्हिडिओ काढायचे दिवस आले. प्रत्येक वेळी काकांनी कर्ज काढलं, फेडलं, आणि फिटतंय तोवर पुढचं यंत्र बाजारात आलेलं असायचं.

२०२२ मध्ये मित्रासमोर पुन्हा तोच प्रश्न आला. लग्नाच्या पार्ट्या मोबाइलवर नमुने दाखवून विचारू लागल्या, ‘असं सिनेमासारखं देता का?’ देता येत नव्हतं, म्हणून कामं जात होती. तो मला म्हणाला, ‘तू इंजिनिअर आहेस, जरा बघ. घेऊ का?’

मी बघितलं. सिनेमाच्या कॅमेऱ्यांची गोष्ट मोठी मजेची आहे. कित्येक दशकं चित्रपट फिल्मवर निघत होते. २००७ मध्ये रेड वन आणि २०१० मध्ये अ‍ॅरी अ‍ॅलेक्सा हे डिजिटल कॅमेरे आले आणि वारं फिरलं. २०१३ मध्ये फुजीने सिनेमाच्या शूटिंगची फिल्म बनवणं थांबवलं. त्याच सुमारास, २०१२ मध्ये, ब्लॅकमॅजिक नावाच्या ऑस्ट्रेलियन कंपनीने तीन हजार डॉलरच्या आत सिनेमाचा कॅमेरा आणला. अंधेरीच्या भाड्याच्या दुकानांतच दिसणारी वस्तू उल्हासनगरच्या स्टुडिओला हप्त्यांवर घेता येईल अशी झाली.

साध्या कॅमेऱ्यात आणि यात फरक काय? साधा कॅमेरा चित्र काढतानाच रंग, उजेड, सावली सगळं ठरवून टाकतो आणि उरलेली माहिती फेकून देतो. सिनेमाचा कॅमेरा सेन्सरवर आलेलं जवळजवळ सगळं जपतो. रंग नंतर, सावकाश, आपण ठरवायचे. म्हणून त्याचं मूळ चित्र फिकट, राखाडी दिसतं. मित्राने पहिल्या दिवशी घरी लावून दाखवलं तेव्हा काका म्हणाले, ‘अरे, एवढे पैसे मोजलेस आणि यात रंगच नाहीत!’

पण सगळं जपायचं तर जागा लागते. पडद्यावरच्या एका चित्रात ४०९६ गुणिले २१६०, म्हणजे ८८,४७,३६० ठिपके. प्रत्येक ठिपका १२ बिटांचा. अशी सेकंदाला २५ चित्रं. गुणाकार केला तर सेकंदाला साधारण ३३२ एमबी. कॅमेरा ते आठपट दाबून लिहितो असं धरलं तरी एका तासाला १५० जीबीच्या आसपास होतात. काकांच्या मिनी-डीव्हीच्या तासाभराच्या टेपवर साधारण १३ जीबी मावायचे.

हा हिशेब मी कागदावर मांडून दिला. कॅमेरा, लेन्स, बॅटऱ्या, साठवणीसाठी ५०० जीबीची एक एसएसडी आणि एक हार्ड डिस्क. म्हटलं, ‘घे.’ आणि वर शहाणपणाने म्हणाले, ‘कॅमेरा तू सांभाळ. कॉपीबिपीचं माझ्यावर सोड, ते किरकोळ काम आहे.’

ते ‘किरकोळ’ लक्षात ठेवा.

नव्या कॅमेऱ्याचं पहिलं काम आम्ही ठरवलं ते आपल्या गणिताच्या सरांची मुलाखत. सरांचंही नाव घेत नाही. ‘ताळा केलास का?’ एवढं म्हटलं की तुम्हा सगळ्यांना कळलं. उत्तर बरोबर असलं तरी खाली ताळा नसेल तर सर अर्धा गुण कापायचे. मी एकदा भांडलेसुद्धा होते, ‘सर, उत्तर बरोबर आहे ना?’ सर म्हणाले होते, ‘ते तुला कसं माहीत?’

सर तेव्हा निवृत्त होऊन बदलापूरला राहत होते. एका रविवारी आम्ही दोघं त्यांच्या घरी गेलो. दोन तास दहा मिनिटं शूटिंग झालं. खिडकीतून येणारा उजेड, सरांच्या हाताच्या शिरा, चष्म्याच्या कडेला चिकटवलेली पट्टी, सगळं त्या कॅमेऱ्यात असं उतरत होतं की मित्र मध्येच मान वर करून माझ्याकडे बघायचा आणि हसायचा. त्याचे पैसे वसूल झाले होते.

आणि सर बोलले ते काय बोलले! बोर्डात आलेल्यांबद्दल ते बोललेच नाहीत. म्हणाले, ‘त्यांची नावं फळ्यावर आहेत.’ ते बोलले शाळा सोडून गेलेल्यांबद्दल. सातवी-आठवीत असताना उल्हासनगरात जीन्स शिवायच्या कारखान्यात धागे कापायला गेलेले. वडील गेले म्हणून भाजीच्या गाडीवर उभे राहिलेले. धाकट्या भावंडांना सांभाळायला घरी बसवलेल्या मुली. एकेकाचं नाव, आडनाव, कोणत्या बाकावर बसायचा, कशात हुशार होती, सगळं सरांना पाठ होतं. म्हणाले, ‘तुमच्या स्मरणिकेत यांचीही नावं छापा. हीही तुमचीच बॅच.’

त्या रात्री मी अंबरनाथला घरी आले. दुसऱ्या दिवशी मित्राला एका लग्नाची ऑर्डर होती आणि त्याला ती एसएसडी सकाळी रिकामी हवी होती. त्याच रात्री माझ्या ऑफिसचं एक काम लाइव्ह जायचं होतं. एका कानाला हेडफोन, समोर दोन लॅपटॉप. फाइली भराभर कॉपी व्हाव्यात म्हणून मी स्वतः एक छोटा प्रोग्राम लिहिला होता. तो आधी लहान फाइली घ्यायचा आणि मग मोठ्या सगळ्या एकदम. एकूण सहा फाइली. दोन लहान उतरल्या. चार मोठ्या सुरू झाल्या आणि थोड्याच वेळात माझा हात लागून हार्ड डिस्कची वायर सैल झाली. मी ती पुन्हा खोचली आणि प्रोग्राम पुन्हा चालवला. प्रोग्रामने बघितलं, सहाही नावं आहेत, आणि लिहिलं : ‘पूर्ण’.

नावं होती. आत काय आहे ते त्याने बघितलंच नाही, कारण बघायला मी त्याला सांगितलंच नव्हतं. मीही एकही फाइल उघडली नाही. एसएसडी पुसली आणि सकाळी मित्राच्या हातात दिली. त्याने त्यावर दिवसभराचं लग्न शूट केलं.

तीन दिवसांनी फाइली उघडायला घेतल्या, तेव्हा चार मोठ्या फाइलींत सुरुवातीचे तुकडे होते, पुढे काही नाही. डेटा परत मिळवून देणाऱ्याकडे गेलो. तो म्हणाला, ‘नुसतं पुसलं असतं तर बघता आलं असतं. तुम्ही त्यावर नवीन लिहिलंय.’ दोन तास दहा मिनिटांपैकी एकोणीस मिनिटं उरली.

ग्रुपवर तुम्ही विचारत होतात, ‘सरांचा व्हिडिओ कुठे आहे?’ मित्राने उत्तर दिलं, ‘नवीन कॅमेरा आहे, जरा वेळ लागतोय.’ मग तुमच्यातल्या काहींनी त्याची थट्टा केली. एवढा महागडा कॅमेरा घेतलास आणि एक मुलाखत देता येत नाही? तो गप्प बसला. त्याने एकदाही माझं नाव घेतलं नाही. आणि मी ते सगळं वाचत असूनही गप्प बसले.

सरांचा मला तीनदा फोन आला. तिन्ही वेळा मी म्हणाले, ‘सर, एडिटिंग चालू आहे.’ मनात होतं, दिवाळीनंतर पुन्हा जाऊ, पुन्हा शूट करू, आणि मग सगळं सांगून टाकू. दिवाळीनंतर सरांची तब्येत बिघडली. पुढच्या फेब्रुवारीत सर गेले. तेव्हा ते आज इथे, जाहीरपणे : चूक कॅमेऱ्याची नव्हती, मित्राची नव्हती. माझी होती. सरांच्या घरची मंडळी आज आली आहेत. त्यांची मी माफी मागते. आणि तुझीही, रे.

आता संयोजकांनी दिलेल्या विषयाकडे येते. कारण यात माझ्या निष्काळजीपणापलीकडेही काही आहे, आणि ते तुमच्या प्रत्येकाच्या घरात आहे.

काका व्हीएचएसवर किंवा मिनी-डीव्हीवर शूट करायचे तेव्हा मूळ टेप कपाटात राहायची. मिक्सिंग बिघडलं तर मूळ टेप पुन्हा लावायची. नवा कॅमेरा आला आणि आमच्या लक्षातही न येता ही एक गोष्ट गेली. साठवायची वस्तू इतकी महाग की ती रोज पुसून पुन्हा वापरायची. म्हणजे मूळ प्रत आपण रोज आपल्या हाताने नष्ट करतो, केवळ दुसरी प्रत नीट झाली आहे या विश्वासावर. चित्र दसपट चांगलं झालं, आणि ते कायमचं जाण्याची वेळ रोज रात्री येऊ लागली. कॅमेरा घेताना मी ठिपके मोजले, पण हे माझ्या हिशेबात नव्हतं.

नंतर मी दादासाहेब फाळक्यांबद्दल वाचत होते. फाळकेही मुळात फोटोग्राफर. स्थिर चित्रांच्या कॅमेऱ्याकडून चलच्चित्राच्या कॅमेऱ्याकडे गेले ते १९१२ मध्ये. लंडनला जाऊन त्यांनी विल्यमसन कंपनीचा कॅमेरा आणला. पण तेवढ्याने भागणार नव्हतं. तेव्हा कच्ची फिल्म कडेच्या छिद्रांशिवाय यायची, म्हणून छिद्रं पाडायचं यंत्रही घ्यावं लागलं. ते काम अंधारातच करायचं, कारण उजेड लागला की फिल्म वाया. दादरच्या घरात ते काम सरस्वतीबाई फाळके शिकल्या. फिल्म धुवायलाही शिकल्या. दिवसभर युनिटचा स्वयंपाक आणि रात्री अंधारात छिद्रं.

सवयीने मी हिशेब केला. ३५ मिलिमीटरच्या फिल्मला एका फुटात प्रत्येक कडेला ६४ छिद्रं असतात, दोन्ही कडा मिळून १२८. ‘राजा हरिश्चंद्र’ साधारण ३७०० फुटांचा होता. म्हणजे पावणेपाच लाखांच्या आसपास छिद्रं, आणि तीही फक्त पडद्यावर आलेल्या फिल्मची. त्यातलं एखादं वाकडं गेलं असतं तर फिल्म कॅमेऱ्यात अडकली असती. ३ मे १९१३ ला मुंबईत कॉरोनेशन थिएटरात तो चित्रपट लागला. पडद्यावर हरिश्चंद्र दिसला, तारामती दिसली. छिद्रं कोणाला दिसणार?

ज्याला मी ‘किरकोळ’ म्हणाले होते, ते काम हे होतं.

फाळक्यांची आणखी एक गोष्ट. मोठ्या चित्रपटाआधी त्यांनी एका दाण्याला अंकुर फुटून वेल वाढतो ते रोज थोडं थोडं चित्रित केलं आणि पैसे देणाऱ्यांना दाखवलं. त्या एका छोट्या फिल्ममध्ये त्यांचं सगळं तंत्र पहिल्या टोकापासून शेवटपर्यंत तपासून झालं असणार. आम्ही काय केलं? नव्या कॅमेऱ्याचा पहिला दाणा म्हणून थेट सरांनाच घेतलं. आधी काकांचीच दहा मिनिटं शूट करून, कॉपी करून, पुसून, उघडून बघितलं असतं, तर माझ्या प्रोग्राममधली खोट तेव्हाच कदाचित कळली असती.

फाइल बरोबर उतरली का हे कसं कळतं, ते आता सांगते. सरांनी आपल्याला नवाचा ताळा शिकवला होता. २३ गुणिले १४ बरोबर ३२२. बरोबर आहे का? २ आणि ३ मिळून ५. १ आणि ४ मिळून ५. पाच पाचे पंचवीस, २ आणि ५ मिळून ७. आता उत्तर : ३, २, २ मिळून ७. जुळलं! संगणकही हेच करतो. मूळ फाइलीतल्या सगळ्या आकड्यांवरून एक आकडा काढायचा, प्रतीवरून काढायचा, आणि दोन्ही जुळले तरच मूळ पुसायची. आमच्या धंद्यात त्याला चेकसम म्हणतात. नवाच्या ताळ्यात ३२२ ऐवजी २३२ लिहिलं तरी जुळतं, हेही सरांनीच दाखवलं होतं. म्हणून संगणकाचा ताळा लांबलचक असतो, पण कल्पना तीच. ऑफिसमध्ये परक्यांच्या पैशांचा हिशेब इकडून तिकडे पाठवताना मी हा ताळा रोज करते. सरांच्या मुलाखतीला केला नाही.

आता मित्राच्या स्टुडिओत नियम आहे. ताळा जुळल्याशिवाय काही पुसायचं नाही. तीन प्रती, त्यातली एक दुसऱ्या गावात. दुसऱ्या गावात का, ते आपल्या भागातल्या माणसाला सांगायला नको. २६ जुलै २००५ ला वालधुनीचं पाणी काकांच्या दुकानात शिरलं आणि टेपांची अख्खी ट्रंक गेली. २०१९ च्या जुलैत उल्हास नदीच्या पुराने बदलापूर-वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली, ते साऱ्या देशाने टीव्हीवर पाहिलं. तीन प्रती एकाच खोऱ्यात ठेवल्या तर ती एकच प्रत समजा.

ट्रंकेत नसलेली एक कॅसेट माळ्यावर सापडली : आपलं १९९५ चं स्नेहसंमेलन. चित्र हलतं, रंग पसरलेत, आवाजात खरखर आहे. पण सर आहेत, पडद्याची दोरी ओढताना. तुमच्याही कपाटांत अशा कॅसेटी असतील. आपल्या दमट हवेत त्यांना बुरशी लागते, आणि त्या लावायचे व्हीसीआर बनवणारी शेवटची म्हणून ओळखली गेलेली जपानी कंपनीसुद्धा २०१६ मध्ये थांबली. घरी गेल्यावर कपाट उघडा. मित्राकडे चालू व्हीसीआर आहे. कॅसेटी त्याच्याकडे आणून द्या, तो उतरवेल, ताळा मी करेन.

जेवणानंतर इथे सरांची ती एकोणीस मिनिटं दाखवणार आहोत. लहान फाइली उरल्या, त्यामुळे महत्त्वाचं काही त्यात नाही. पहिल्या फाइलीत माइक तपासायला ‘सर, काहीतरी बोला’ म्हटल्यावर सर औटकी म्हणतात, न अडखळता. दुसऱ्या फाइलीत चहा येतो आणि सर विचारतात, कोण कुठे असतं, कोणाला मुलं किती. तुमच्यातल्या पुष्कळांची नावं त्यात आहेत.

जी नावं गेली, ती शाळा सोडून गेलेल्यांची. मला त्यातली चार आठवतात. ती मी दाराजवळच्या टेबलावरच्या वहीत लिहून ठेवली आहेत. मित्राला आणखी तीन आठवली. तुमच्या बाकावर शेजारी बसणारं आणि एके दिवशी यायचं बंद झालेलं कोणी असेल, तर जाण्याआधी त्याचं, तिचं नाव त्या वहीत लिहा. दुसऱ्या कोणी आधीच लिहिलेलं दिसलं तर त्यापुढे खूण करा. दोघांना आठवलं म्हणजे ताळा जुळला.

ती नावं याच स्मरणिकेत छापायची आहेत. सरांनी सांगितलं होतं.